वाघाला वाट हवी

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड असं ब्रह्मपुरीकडे निघालं की रस्त्याच्या कडेला मधूनमधून एक ओबडधोबड रान लागतं. मुरमाड जमीन, पळसाची खुरटी झाडं, बोरीबाभळींच्या जाळ्या, घाणेरीची दाट झुडपं, त्यांतून गेलेल्या गुरांच्या पायवाटा आणि एखादी अर्धी आटलेली बोडी. ताडोब्याला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या इथं थांबत नाहीत, कारण थांबून बघावं असं इथं काही दिसत नाही. महसुली दप्तरात या जमिनीची नोंद ‘झुडपी जंगल’ अशी आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून असं झुडपी जंगल सुमारे ८६ हजार हेक्टर भरतं.

ही जमीन जंगल म्हणायची की पडीक, हा वाद कित्येक दशकं चालला. शाळा, दवाखाने, घरं, कार्यालयं यांसाठी तिचे तुकडे वेळोवेळी दिले गेले. शेवटी २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की झुडपी जंगल हे वनच आहे. पूर्वी रीतसर वाटप झालेल्या जागांबद्दल न्यायालयानं सवलतीचा मार्ग ठेवला, पण यापुढे ही जमीन वनकायद्याच्या बाहेर नाही हे स्पष्ट केलं. वर्तमानपत्रांत या निकालाची चर्चा घरांच्या आणि प्रकल्पांच्या अंगानं झाली, आणि ते साहजिक होतं. वाघाच्या अंगानं ती फारशी झाली नाही. वास्तविक एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाणारा वाघ रात्रीच्या वेळी याच खुरट्या रानातून चालत असतो. विदर्भातल्या वाघांचं पुढं काय होणार, हे ताडोब्याच्या सागवान-बांबूच्या जंगलात जितकं ठरेल तितकंच या झुडपांत ठरणार आहे.

आधी जे कमावलं आहे ते नीट सांगायला हवं. १९७२ साली देशात वाघांची मोजणी झाली तेव्हा आकडा १,८२७ निघाला. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १ एप्रिल १९७३ रोजी ‘प्रोजेक्ट टायगर’ सुरू झाला आणि पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आपला मेळघाट होता. तरीही पुढच्या तीस वर्षांत शिकाऱ्यांच्या टोळ्यांनी वाघ पोखरून काढले. २००५ च्या सुमारास राजस्थानातल्या सरिस्क्यात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, आणि काही वर्षांतच मध्य प्रदेशातल्या पन्नाचीही तीच गत झाली. दोन्ही ठिकाणी बाहेरून वाघ आणून पुन्हा सुरुवात करावी लागली. पावलांच्या ठशांवरून वाघ मोजायची जुनी पद्धत किती फसवी होती हेही तेव्हाच कळलं. २००६ पासून कॅमेरा ट्रॅपचा आधार घेऊन शास्त्रीय गणना सुरू झाली. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्यामुळे फोटोवरून वाघ ओळखता येतो. त्या पहिल्या गणनेचा अंदाज होता १,४११. २०२२ च्या गणनेत तो ३,६८२ वर गेला. महाराष्ट्रात याच काळात १०३ चे ४४४ झाले.

दाट लोकवस्तीच्या देशानं एवढ्या मोठ्या शिकारी जनावराची संख्या दुपटीहून जास्त वाढवावी, ही साधी गोष्ट नाही. जगातल्या रानवाघांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आज भारतात आहेत. २०२५ च्या जानेवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात भारतीय शास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन दशकांत देशातला वाघांचा वावर असलेला प्रदेश सुमारे ३० टक्क्यांनी वाढून १ लाख ३८ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पोचला, असं त्यात दिसलं. त्यातला जवळजवळ निम्मा भाग असा, की जिथं वाघांच्या सोबतीनं सुमारे सहा कोटी माणसं राहतात.

सहा कोटी माणसं, हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे.

वाघ वाढले की पुढं काय होतं ते समजायला वाघाच्या घरात डोकावावं लागतं. वाघीण पिल्लांना साधारण दोन वर्षं सांभाळते. शिकार शिकवते, स्वतःच्या इलाख्यात फिरू देते. मग ती पुन्हा माजावर येते आणि वाढलेल्या पिल्लांना तिथं जागा उरत नाही. मादी पिल्लांना कधीकधी आईच्या इलाख्याचा एखादा कोपरा मिळतो. नराला मात्र जावंच लागतं, कारण त्या भागातला थोराड नर त्याला टिकू देत नाही. चितळ-सांबर भरपूर असलेल्या जंगलातही एका वाघिणीला वीस-तीस चौरस किलोमीटर लागतात, नराला त्याच्या दोन-तीन पट. ताडोबा-अंधारी प्रकल्पाचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा आणि भोवतीचं बफर ११०० चौरस किलोमीटरच्या आसपास. ताडोबा भरलेला आहे. वर्ध्याजवळचं बोर तर गाभ्याच्या क्षेत्रफळानं देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा. अशा ठिकाणी जन्मलेली पिल्लं मोठी झाली की बाहेर पडणारच. २०१८ च्या गणनेतच देशातले सुमारे ३५ टक्के वाघ व्याघ्र प्रकल्पांच्या हद्दीबाहेर आढळले होते. चंद्रपूर जिल्ह्यातला ब्रह्मपुरी वनविभाग हा ना अभयारण्य, ना राष्ट्रीय उद्यान. भातशेती, माजी मालगुजारी (‘मामा’) तलाव, गावं आणि मधूनमधून जंगल असा तो सगळा मुलूख. तिथं आज वाघिणी पिल्लं वाढवतात.

घराबाहेर पडलेला वाघ किती चालू शकतो, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका नरानं दाखवून दिलं. भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात कॉलर बसवली. जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, तो निघाला. विदर्भातून तेलंगणात, तेलंगणातून परत महाराष्ट्रात, मग मराठवाड्याच्या कडेनं, असा नदीनाल्यांच्या काठानं, कपाशीच्या आणि तुरीच्या शेतांतून, महामार्ग ओलांडत तो डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथंही तो इकडेतिकडे फिरत राहिला. पुढच्या मार्च-एप्रिलपर्यंत कॉलरवरून मिळालेली त्याची सगळी चाल जोडली तर ती ३,००० किलोमीटरच्या घरात गेली. भारतात नोंद झालेली वाघाची ही सर्वांत मोठी पायपीट. लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटलं.

त्याच्या प्रवासातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अंतराहून वेगळी आहे. एवढ्या प्रवासात त्याच्यामुळे एक माणूस जखमी झाला, तोही वाघ झुडपात विसावलेला असताना काही जण त्याच झुडपात शिरले म्हणून. बाकी शेकडो गावांच्या शिवारांतून तो गेला आणि बहुतेकांना पत्ताही लागला नाही. दिवसा नाल्याच्या काठच्या झाडीत पडून राहायचं, रात्री चालायचं, रानडुक्कर किंवा रोही मिळाली तर मारायची. म्हणजे आडोसा, पाणी आणि शिकार एवढं मिळालं की वाघ माणसाच्या शेजारून निमूट जातो. आडोशाचे तुकडे जवळजवळ असायला हवेत, एवढीच त्याची अट. ज्ञानगंगा सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं. शिकार होती, पाणी होतं. पण वाघीण नव्हती. एवढं चालून तो जिथं थांबला तिथं त्याची वंशवेल वाढण्याची सोय नव्हती.

सगळेच वाघ एवढे नशीबवान नसतात.

डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ ‘बाजीराव’ नावानं ओळखला जाणारा बोरचा वाघ वाहनाच्या धडकेनं मेला. २०१८ च्या नोव्हेंबरात चंद्रपूर-गोंदिया रेल्वेमार्गावर जुनोन्याच्या जंगलात वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली सापडले. हा रेल्वेमार्ग ताडोब्याच्या पूर्वेकडच्या जंगलांना चिरत जातो. याच पट्ट्यात गोसीखुर्द प्रकल्पाचा उजवा कालवा आहे. सिमेंटच्या उभ्या भिंतींचा, पाणी असताना ओलांडायला अवघड आणि नसताना पडलं तर वर यायला अवघड. कालव्याचं पाणी भातशेतीला हवंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कालवा आखताना जनावरांसाठी पुरेसे रुंद, माती-झाडीनं झाकलेले पूल बांधले असते तर खर्च एकूण खर्चाच्या मानानं किरकोळ झाला असता. नंतर तोच खर्च कितीतरी पट होतो, आणि बहुधा केलाच जात नाही.

भद्रावती तालुक्यातल्या सिरना नदीवर २०१९ च्या नोव्हेंबरात जे घडलं ते चंद्रपूरकर अजून विसरलेले नाहीत. भोवती कोळशाच्या खाणी, मातीचे डोंगर, मालगाड्यांची आणि डंपरची ये-जा. कुनाड्याजवळच्या पुलावरून एक वाघ खाली नदीपात्रात गेला आणि जबर जखमी होऊन दोन खडकांच्या मध्ये अडकून पडला. पात्रात पाणी वाहत होतं. बातमी पसरली तशी पुलावर माणसांची गर्दी झाली. वनखात्याच्या लोकांनी पिंजरा खाली सोडून पाहिला. वाघ पिंजऱ्याच्या गजांना चावत राहिला, पण आत जाण्याचं त्राण त्याच्यात नव्हतं. अंधार पडला आणि काम थांबवावं लागलं. सकाळी तो मेलेला आढळला. त्या वाघावर कोणी गोळी झाडली नव्हती, विष घातलं नव्हतं. तो एका जंगलातून दुसरीकडे निघाला होता आणि मधली सगळी जमीन खाणींनी, पुलांनी, ढिगाऱ्यांनी व्यापलेली होती.

याहून जास्त वाघ मारते ती तार. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत चण्याचं, तुरीचं किंवा धानाचं पीक झोपवून टाकतात. नुकसानभरपाईचे अर्ज, पंचनामे, फेऱ्या, हे सगळं सोसूनही हाती फार येत नाही. मग कोणी शेताच्या धुऱ्यावर तार ओढतो आणि रात्री तिच्यात थेट वीज सोडतो. जाळं डुकरासाठी असतं, सापडतो वाघ. उमरेड-कऱ्हांडल्याचा प्रसिद्ध ‘जय’ २०१६ च्या एप्रिलमध्ये बेपत्ता झाला, त्याचं काय झालं ते कधीच कळलं नाही. त्याचा मुलगा ‘श्रीनिवास’ मात्र वर्षभरातच, एप्रिल २०१७ मध्ये, नागभीड भागात अशाच तारेच्या धक्क्यानं मेला. कायद्यानं हा गुन्हाच आहे आणि खटले होतातही. पण ज्याचं वर्षाचं धान डुकरांनी लोळवलं त्याला कायद्याचं कलम वाचून दाखवणं पुरेसं नाही. सौर कुंपण हा यावरचा खरा उपाय आहे. त्याचा झटका बसतो, जीव जात नाही. राज्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान मिळतं. वाघांच्या वाटेवरच्या प्रत्येक गावात ते प्राधान्यानं आणि वेळेवर मिळालं पाहिजे. आणखी एक मागणी विदर्भातले शेतकरी वर्षानुवर्षं करत आले आहेत, शेतीपंपाला दिवसा वीज द्या. रात्री वीज असली की ओलितासाठी माणसाला रात्रीच शेतात जावं लागतं, म्हणजे नेमक्या वाघाच्या वेळेला. दिवसा वीज हा वाघ वाचवण्याचाच कार्यक्रम आहे, असं वनखात्यानं ऊर्जा खात्याला ठणकावून सांगायला हवं.

वाटा तुटल्या तर काय होतं, याचं उत्तर ओडिशातल्या सिमिलीपालच्या जंगलात मिळतं. तिथं काळपट वाघ दिसतात. पट्टे एकमेकांत मिसळून इतके रुंद झालेले, की अंगावर काळी झूल टाकल्यासारखी वाटावी. बघणाऱ्याला ते नवल वाटतं. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये त्याचं कारण प्रसिद्ध केलं. एका विशिष्ट जनुकातल्या बदलामुळे हा रंग येतो, आणि सिमिलीपालमध्ये तो तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाघांत आहे. इतरत्र तो जवळजवळ नाहीच. हे घडलं कारण सिमिलीपालचे वाघ बाकीच्या वाघांपासून तुटले. मोजके वाघ, त्यांचीच पिल्लं, पुन्हा त्यांच्यातच जोड्या. रंग बदलला हे डोळ्यांना दिसतं. अशा आप्तसंकरातून येणारा दुबळेपणा, आजारांना लवकर बळी पडणं, वंध्यत्व हे कॅमेऱ्यात दिसत नाही.

मध्य भारताचं चित्र आतापर्यंत याच्या उलट राहिलं आहे. रामकृष्णन यांच्याच गटातल्या संशोधकांनी, आदित्य जोशी आणि इतरांनी, २०१३ मध्ये विष्ठेतल्या डीएनएवरून मेळघाट, ताडोबा, पेंच, कान्हा या भागांतल्या वाघांची नाती तपासली. सुमारे ६५० किलोमीटरपर्यंत वाघांचा वावर आणि नात्यांचे धागे पोचत असल्याचं त्यांना आढळलं. त्याचबरोबर, मध्ये दाट वस्ती आणि वर्दळीचे रस्ते आले की ते धागे क्षीण होतात, हेही दिसलं. विदर्भाचे वाघ आज निरोगी आहेत ते ताडोबा फार मोठं आहे म्हणून नव्हे. ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा, पेंच, कान्हा हे सगळं अजून तुटक का होईना, पण जोडलेलं आहे म्हणून.

सिमिलीपालला नवं रक्त देण्यासाठी २०२४ च्या अखेरीस ताडोब्यातूनच दोन वाघिणी नेल्या, जमुना आणि झीनत. झीनतला ओडिशात सोडल्यावर काही दिवसांत ती निघाली. झारखंडात गेली, तिथून पश्चिम बंगालमध्ये. झाडग्राम, पुरुलिया, बांकुडा असे जिल्हे पालथे घालत ती तीन आठवडे तीन राज्यांच्या वनखात्यांना पळवत राहिली. शेवटी २९ डिसेंबरला बांकुड्यात तिला बेशुद्ध करून परत आणलं. विदर्भातही अशी हलवाहलव चालू आहे. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीतल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या. २०२५ च्या नोव्हेंबरपासून ताडोबा भागातले वाघ सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेण्यास सुरुवात झाली आणि पहिली वाघीण चांदोलीत पोचली. कोयना-चांदोलीचं ते जंगल चांगलं आहे, पण तिथं दिसणारे वाघ दक्षिणेकडून, कर्नाटक-गोव्याच्या बाजूनं आलेले मोजके नर. वाघिणींशिवाय तिथं वस्ती होणं शक्य नव्हतं. त्यामुळे सह्याद्रीसाठी वाघ नेणं रास्तच आहे. मात्र गाडीतून वाघ नेणं हा वाटेला पर्याय नव्हे. बेशुद्ध करणं, शेकडो किलोमीटर नेणं, महिनोन्‌महिने पाळत ठेवणं, यात दरवेळी जीव टांगणीला लागतो आणि दोन-चार वाघांमागे मोठा खर्च होतो. रान शाबूत असेल तर हेच काम तरुण वाघ दरवर्षी फुकट करतात.

वाट शाबूत ठेवता येते, याचा उत्तम पुरावा नागपूरपासून दीड-दोन तासांच्या अंतरावर उभा आहे. श्रीनगर-कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ मनसरच्या पुढं, पेंच आणि नागझिऱ्याला जोडणाऱ्या जंगलातून मध्य प्रदेशाकडे जातो. तो चौपदरी करायचं ठरलं तेव्हा वन्यजीव अभ्यासकांनी आणि संस्थांनी हरकत घेतली, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं, काही वर्षं घासाघीस झाली. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीतल्या टप्प्यात जनावरांसाठी नऊ बांधकामं करायचं ठरलं. काही छोटे पूल, काही लांबलचक भुयारी मार्ग. त्यांतले सर्वांत मोठे ७५० मीटर लांबीचे. भुयारी मार्ग म्हटल्यावर डोळ्यांसमोर अंधारी मोरी येते, तसं हे नाही. रस्ताच खांबांवर उचलून घेतला आहे आणि खाली जमीन जशीच्या तशी. माती, गवत, पावसाळ्यात वाहणारा ओढा. वर ट्रक धडधडत जातात, कडेला आवाज आणि प्रकाश अडवणारे पडदे.

जनावरं तिथून जातील का, याबद्दल अनेकांना शंका होती. भारतीय वन्यजीव संस्थेनं २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर कॅमेरे लावून पाहिलं. १८ जातींचे रानप्राणी ५,४५० वेळा टिपले गेले. सर्वांत जास्त चितळ, शिवाय रानडुकरं, सांबर, नीलगाय, रानकुत्री. वाघ ८९ वेळा गेले, आणि पट्ट्यांवरून ते ११ वेगवेगळे वाघ असल्याचं निघालं. वाघ फक्त पलीकडे जात नव्हते, तर चितळांच्या मागावर तिथं वावरत होते. विकास अडला का? नाही. रस्ता झाला, गाड्या पळतात. न्यायालयात गेलेल्या त्या काही वर्षांमुळे पुढच्या पिढ्यांच्या वाघांना वाट मिळाली. याचं श्रेय हट्टानं हरकत घेणाऱ्या माणसांना आहे, आणि ते उघडपणे द्यायला हवं.

चंद्रपूरच्या लोहारा खाणपट्ट्याचंही तसंच. ताडोब्याला लागून असलेल्या जंगलात कोळशाची खुली खाण येणार होती. २००९ मध्ये चंद्रपुरातली माणसं तिच्याविरुद्ध रस्त्यावर उतरली, ‘इको-प्रो’ संस्थेचे बंडू धोतरे यांनी उपोषण केलं. अखेर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं ती खाण नाकारली. उन्हाळ्यात पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशांत भाजणाऱ्या आणि कोळशाच्या धुळीत जगणाऱ्या शहरानं कोळसा नको, जंगल ठेवा, असं म्हटलं. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शाळांमधून सांगितली गेली पाहिजे.

पण वाटेवर राहणाऱ्या माणसाचं काय?

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं टपटप गळतात. उन्हं चढायच्या आत ती वेचली नाहीत तर जनावरं खातात. म्हणून बायका, म्हातारी माणसं अंधारातच टोपली घेऊन निघतात आणि झाडाखाली वाकून तासन्‌तास फुलं वेचतात. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचं जनावर वाटतं. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. सत्तर पानांचं एक पुडकं, आणि दिवसाला शंभर-दोनशे पुडकी बांधली तरच घरात पैसे येणार. चांगली पानं मिळवायला मग आणखी आत शिरावं लागतं. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. चंद्रपूर आणि गडचिरोलीत दरवर्षी अशा कितीतरी घरांतला चालता-बोलता माणूस जातो. शासन आता मृताच्या कुटुंबाला २५ लाख रुपये देतं. रक्कम पूर्वीपेक्षा खूप वाढली आहे आणि ते योग्यच झालं. पण बाई गेलेल्या घराला पैशानं आई मिळत नाही. वाघ वाचले म्हणून शहरात पेढे वाटावेत आणि त्याची किंमत सिंदेवाहीच्या बाईनं मोजावी, हा हिशेब कोणत्याही न्यायात बसत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा भागात ‘अवनी’ वाघिणीच्या प्रकरणात हीच दरी दिसली. १३ माणसांच्या मृत्यूंचा ठपका असलेल्या त्या वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घातली गेली. शहरांत मेणबत्त्या पेटल्या, राळेगावच्या खेड्यांत लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. दोन्हीकडची माणसं खरीच होती. मधली चूक दोन वर्षांच्या दिरंगाईची होती. पहिल्या काही मृत्यूंनंतरच वाघिणीला नीट पकडलं असतं तर इतकी माणसं गेली नसती आणि ती वाघीणही गोळीनं मेली नसती.

यातून काय करता येतं, हे ताडोब्याच्या भोवतालच्या काही गावांनी दाखवलं आहे. गावातल्याच तरुणांची प्राथमिक बचाव पथकं उभी राहिली. वाघ शिवारात आल्याची खबर मिळाली की ती मुलं सर्वांत आधी पोचतात, गर्दी आवरतात आणि वाघाला निघून जायला मोकळी जागा ठेवतात. हातात काठी, शिट्टी आणि टॉर्च. वाघ चिडतो तो बहुतेक वेळा गर्दीनं घेरल्यामुळे, त्यामुळे या मुलांचं काम जितकं वाघ वाचवण्याचं तितकंच माणूस वाचवण्याचं आहे. घराघरांत गॅस आल्यानं सरपणासाठी जंगलात जाणं कमी झालं. सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसले की बायका परत रानात जातात, हेही तितकंच खरं. मोह आणि तेंदू सोडून दुसरं काही कमावता आलं तर कोणती बाई पहाटे वाघाच्या वाटेवर जाऊन वाकेल? सफारीच्या जिप्सी, रिसॉर्ट, गाइड यांतून ताडोब्यात पैसा येतो, पण तो प्रवेशद्वारांजवळच्या गावांत जास्त थांबतो. नागभीड-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यातल्या गावात ना सफारी आहे ना रिसॉर्ट. वाघ मात्र तिथूनच जातो. व्याघ्र पर्यटनातल्या उत्पन्नाचा ठरावीक वाटा या वाटेवरच्या गावांना मिळावा. असं झालं नाही तर ती गावं वाघाला का सहन करतील?

कायदा या बाबतीत आंधळा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या ३८-ओ या कलमानुसार व्याघ्र प्रकल्पांना जोडणारे प्रदेशही घातक कामांसाठी वळवता येत नाहीत. अगदी जनहितासाठी वळवायचे तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला घ्यावा लागतो. २०१४ मध्ये प्राधिकरणानं आणि वन्यजीव संस्थेनं देशातल्या ३२ मुख्य संचारमार्गांचे नकाशे प्रसिद्ध केले. अडचण अशी, की अभयारण्याला असते तशी अधिसूचित हद्द या मार्गांना नाही. एक रस्ता आला, त्याला परवानगी. एक वीजवाहिनी आली, तिला परवानगी. एक खाण वाढली, एका कालव्याची शाखा निघाली. प्रत्येक प्रस्ताव स्वतंत्रपणे पाहिला तर नुकसान थोडंच दिसतं. सगळे मिळून वाट बंद होते, आणि सगळे मिळून पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. पूर्व विदर्भातले संचारमार्ग सर्व्हे नंबरनिशी आखावेत, झुडपी जंगलाच्या निकालाचा आधार घेऊन त्यातलं झुडपी रान त्यांत जोडावं आणि पुढचा प्रत्येक प्रकल्प त्या एका नकाशावर ठेवून तपासावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. वनखातं, महसूल खातं आणि जिल्हाधिकारी एका टेबलाशी बसले तर काम होतं.

देशातली वाघांची पुढची गणना २०२६ ची आहे. तिचे आकडे जाहीर होतील तेव्हा महाराष्ट्राचा आकडा बहुधा आणखी वाढलेला असेल आणि त्याचं कौतुकही होईल. वाचकांना विनंती एवढीच, की त्या दिवशी आपल्या आमदार-खासदारांना आणि वनमंत्र्यांना एक प्रश्न अवश्य विचारा : मागच्या चार वर्षांत वाघांच्या किती वाटा बंद झाल्या, आणि किती नव्यानं मोकळ्या केल्या? तुमच्या जिल्ह्यात रस्त्याची, कालव्याची किंवा खाणीची जनसुनावणी असेल तर तिथं जा, नकाशा मागा आणि जनावरांसाठीचा पूल कुठं आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. पेंचच्या रस्त्याखालून जाणाऱ्या वाघांना वाट मिळाली ती अशीच कोणीतरी वेळेवर विचारल्यामुळे.